चौदा नंबरची कॅसेट

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. लेकीला नाही. ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली त्या सरांना तर नाहीच — ते माझं कौतुक करत करतच गेले बिचारे. तुम्हाला सांगते आहे, आणि सांगतानाही एक कान फाटकाकडे आहे. कडी वाजली की छातीत धस्स होतं. बाप्पा, रिटायर झालेली बाई मी, माझ्याकडे कोण येणार? दूधवाला येतो, गॅसवाला येतो. तरी दर वेळी वाटतं — आली. ती आली.

ती कोण, ते सांगते. आधी माझ्याबद्दल थोडं सांगू द्या — नाही, टाळत नाहीये. बरं, टाळतेच आहे थोडं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. जन्म मूर्तिजापूरचा. घरात मले-तुले, कॉलेजच्या पायरीवर मला-तुला. पुण्याच्या चर्चासत्राला गेले की तोंडातून चुकून 'का'ऐवजी 'काहून' निघू नये म्हणून जिभेवर पहारा ठेवायची. आणि विषय काय घेतला? बायकांची भाषा! बायका वावरात, अंगणात, एकमेकींत कशा बोलतात, आणि वर्तमानपत्रात त्यांच्या तोंडी काय छापून येतं. आमच्याकडची ती वर्षं फार वाईट. कापूस साथ देत नव्हता. रोज पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी, कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं, लांबलांबचे पत्रकार गाड्या घेऊन यायचे. फोटोत बाई असायचीच — डोक्यावर पदर, मान खाली, आणि फोटोखाली एक ओळ, की तिला शब्द फुटत नव्हते. माझं डोकंच फिरायचं ती ओळ वाचून. शब्द फुटत नव्हते? आमच्या वऱ्हाडातल्या बाईला? मी ती कात्रणं वर्गात न्यायची आणि सांगायची, बाईला पेपरात नुसती दाखवतात, बोलू देत नाहीत. आपण बोलू देऊ. पोरी टाळ्या वाजवायच्या. मला टाळ्या फार आवडायच्या, हे ध्यानात ठेवा.

शांताबाई मला भातकुलीकडच्या एका गावात भेटली. नाव अर्थात खरं नाही. डिपार्टमेंटचा टेपरेकॉर्डर घेऊन मी एस.टी.नं जायची. कापूस वेचताना बायका रांगेनं पुढं सरकतात, तशी मीही सरकायची, वेचलेला कापूस टाकायला कमरेला माझंही फडकं बांधलेलं, टेप पदराखाली. आमच्या कामाचा एक नियम असतो — बाईचं नाव कुठं लिहायचं नाही, कॅसेटवर फक्त नंबर टाकायचा. मी तिला कॅसेट दाखवली. म्हटलं, बाई, तुमचं नाव कुणाला कळणार नाही, तुम्ही चौदा नंबर. ती इतकी हसली! त्यानंतर ती मला कॉलेजच्या फोनवर फोन करायची तेव्हा हेच म्हणायची, "मॅडम, चौदा नंबर बोलून राहिली."

त्या चौदा नंबरच्या कॅसेटवर तिनं मला तिची चोरी सांगितली. तिची पोरगी वर्षा, बारावी झालेली. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. पीक हाती लागत नाही तर निदान पोरगी उजवून टाकू, खाणारं एक तोंड कमी होईल, असं. घरात शब्द चालायचा तो शांताबाईच्या दिराचा. तो अकोल्याला ज्युनियर कॉलेजात मास्तर, घरात पगार येणारा तेवढा एकच माणूस; नवरा त्याच्यापुढं मान वर करत नव्हता. आणि शांताबाईनं काय करावं? घरी सांगितलं, पोरगी शिवणक्लासला जाते. क्लास कुठं, तर शेजारच्या नसीमभाभीकडे. नसीमभाभीचा नवरा गाद्या भरायचा. वर्षा सकाळी तिथं जायची, गाद्यांच्या थप्पीखाली लपवलेला पांढरा ड्रेस पिशवीत घालायची, आणि मागच्या दारानं निघून अमरावतीची एस.टी. धरायची. नर्सिंगचा कोर्स. दीड वर्ष झालं होतं, अर्धं वर्ष राहिलं होतं. नसीमभाभी दिवसभर रिकामी मशीन चालवायची, खडखड ऐकू यावी म्हणून! शांताबाई हे सांगताना हसून हसून लोटपोट. "देवानं तोंड देल्लं ते खोटं बोलाले बी देल्लं, बाप्पा. घरी सांगतो शिवणक्लास हाय. पोरगी नर्स होऊन राहिली न् घरच्याईले पत्ता नाई." पाठोपाठ नसीमभाभीचाही आवाज आहे, जरा लांबून — "फिकर मत कर शांता, मैं हूँ ना."

दोघींची वीस वर्षांची मैत्री. सुना म्हणून एकाच वर्षी गावात आलेल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं पोरं सांभाळलेली.

आता बघा, इथपर्यंत मी तुम्हाला सगळं न अडखळता सांगितलं. इथून पुढं अडखळणार.

अकोल्याला एक चर्चासत्र होतं. मोठं. बाहेरचे प्राध्यापक, पेपरवाले, लोकल केबलवाले. मी निबंध वाचणार होते. वाचून काय होतं? लोक चहाची वाट बघतात. माझ्या मनात आलं, कॅसेटच ऐकवावी. नाव बदललंय, गाव बदललंय, 'एक माहितीदाता, क्रमांक चौदा' — मग भीती कशाची? वर्षानुवर्षं बायकांचे आवाज ऐकून कान तयार केलेली बाई मी. फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी माणूस ओळखणारी. आणि माझ्या ध्यानात आलं नाही की आवाज बदललेला नाही?

आलं होतं. हेच तर सांगायचंय. ध्यानात आलं होतं.

बस मूर्तिजापूरला थांबली होती. मी खिडकीतून चहा घेतला, आणि एकदम डोक्यात आलं — तिचा दीर अकोल्यालाच असतो. ज्युनियर कॉलेजात. तो आला तर? पर्समध्ये दुसरी कॅसेटही होती, नऊ नंबरची, त्यात भाजीबाजाराच्या गप्पा होत्या, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण नऊ नंबरवर कुणी हसलं नसतं. मी स्वतःशी म्हटलं, एवढ्या मोठ्या शहरात तोच कशाला येईल? चहा संपवला. गाडी सुटली. कॅसेट चौदाच लावायची, असं ठरवून मी अकोल्याला उतरले.

बटण मी दाबलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या बोटानं. मिनिटभर वाजली असेल. सभागृह खदखदून हसलं, मग टाळ्या. आणि तिसऱ्या रांगेत चौकड्याच्या शर्टातला एक माणूस हसत नव्हता. तो माझ्याकडे पाहतही नव्हता. टेपकडे पाहत होता.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. हात जोडले. अगदी सभ्यपणे म्हणाला, "छान होतं मॅडम. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात." मी हसले. हो, हसले मी! त्याच क्षणी त्याच्या पाया पडायला हवं होतं, काहीतरी खोटं रचायला हवं होतं, निदान तिथून पळत जाऊन शांताबाईला फोन करायला हवा होता — गावात पोस्टाजवळ फोन होता. मी जेवायला गेले. पुरी होती, श्रीखंड होतं. जेवले.

तीन दिवसांनी त्या दिराचा फोन आला. आवाज तसाच गोड. घरात त्यानं एवढंच सांगितलं होतं की आपल्याला समजलं. कुठून समजलं, ते नाही. "तुमचं नाव मी घेतलेलं नाही मॅडम. तुम्हीही विषय वाढवू नका. तुमची पीएच.डी. होत आली असं ऐकलं, अभिनंदन." मी काय म्हणाले असेन? मी त्याला 'थँक यू' म्हणाले.

वर्षाचं नर्सिंग सुटलं. परीक्षेला चार महिने होते. पंधरवड्यात तेल्हाऱ्याकडचं स्थळ पक्कं केलं, महिन्यात लग्न. पांढरा ड्रेस म्हणे त्यानं चुलीत घातला.

आणि मग शांताबाई आली. कॉलेजच्या फाटकाशी, दुपारची, पायात चप्पल नाही. मी स्टाफरूमच्या खिडकीतून तिला पाहिलं आणि खरं सांगते, आधी संडासात जाऊन कडी लावून बसले. तिला कळलं. ती मला विचारायला आली. सगळ्यांसमोर ओरडेल. सर म्हणतील, नियम मोडला. प्रबंध परत येईल. नोकरी जाईल. घामानं ब्लाउज भिजला होता. शेवटी शिपायानं हाक मारली तेव्हा बाहेर आले.

ती ओरडली नाही. तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती माझ्याकडे आली होती ती माझा आधार वाटला म्हणून. झाडाखाली बसली, माझा हात धरला. "मॅडम, तुमी एवढ्या शिकेल बाई. तुमीच सांगा, कोनं फोडलं असन? मी कोनाले बोलली नाई. तुमाले ठाऊक होतं, न् नसीमभाभीले."

दोनच नावं. एक माझं. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलंसुद्धा नाही. नुसती वाट बघत राहिली. मला इतकी भीती वाटत होती की कानात शिटी वाजत होती. आणि मी म्हणाले — शब्द जसेच्या तसे सांगते, लिहून घेतल्यासारखे पाठ आहेत — "मग शांताबाई, तिथूनच बाहेर गेलं असेल. शेवटी परकी माणसं."

परकी माणसं. मी म्हटलं हे. वर्गात ज्या शब्दावर मी तासन् तास बोलायची, पेपरवाले कुणाला आपलं म्हणतात आणि कुणाला परकं, यावर ज्या बाईनं लेख लिहिले, तिनं. तो शब्द काही मला भीतीनं सुचला नव्हता, तो आधीपासून माझ्याजवळ होता. शांताबाईनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "वीस साल झाले मॅडम." आणि उठून गेली.

त्यांच्यातलं बोलणं त्याच दिवशी बंद झालं. नसीमभाभी दोनदा दारात आली, रडली, कुराणावर हात ठेवते म्हणाली. शांताबाईनं दार लावून घेतलं. हे मला शांताबाईनंच सांगितलं, दर वेळी, बारीकसारीक सगळं. कारण ती मला धरून राहिली ना! मी तिला खरं सांगणारी बाई. प्रबंध मंजूर झाला, प्रमोशन झालं, सत्कार झाला — ती आपली दर हिवाळ्यात तुरीच्या डाळीची पिशवी पाठवते. घरच्या वावरातली, जात्यावर भरडलेली. नवरा म्हणतो, काय प्रेम आहे बाईचं तुझ्यावर. आम्ही वरण करतो त्याचं. आजही डब्यात आहे.

वर्षा तेल्हाऱ्याकडेच आहे. शेजारपाजारच्या बायका औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते तिच्याकडून वाचून घेतात, असं शांताबाई सांगते. त्यापलीकडे मी विचारत नाही. रिटायर झाल्यावर मी अकोल्याला आले, सासरचं घर इथं आहे. तो दीरही इथंच. बाजारात दिसतो. पिशवी डाव्या हातात घेतो, उजव्या हातानं नमस्कार करतो — "काय मॅडम, तब्येत?" मी भाजी न घेता परत येते.

मागच्या महिन्यात दुपारी फोन वाजला. "मॅडम, चौदा नंबर बोलून राहिली." आवाज थकलेला. म्हणाली, नसीमभाभी गेली. काही दिवस पडूनच होती. शेवटी शेवटी पोरीजवळ म्हणे हिचंच नाव घ्यायची, एकदा बोलावून आण म्हणायची. पोरगी बोलवायला आलीही होती. शांताबाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं फिरली. मातीच्या दिवशीही त्यांच्या घरी गेली नाही. बाकीच्या बाया गेल्या, ही घरात बसून राहिली.

मग विचारलं —

"मॅडम, बरोबर केलं ना मी?"

भीतीचं आता काय कारण होतं? नोकरी नाही, सर नाहीत, प्रबंधाला कपाटात वाळवी लागलीय. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. मोकळं घर होतं, नवरा बाहेर गेला होता. समोर कपाटात ती कॅसेट होती. एक वाक्य लागलं असतं. तिला निदान कबरीपाशी जाऊन बसता आलं असतं.

मी म्हणाले, "हो शांताबाई. बरोबर केलं."

ती म्हणाली, या वर्षी डाळ जरा बारीक आहे, पण पाठवते.