भाऊंची कांडी अजून तुटलेली नाही

सायली गावातून भाऊंच्या खोलीमालकाचा फोन आला, तेव्हा मी घरी चहा गाळत होतो. ‘आपके रघुनाथभाई सुबह उठे ही नहीं...’ एवढंच तो बोलला. त्याला आता महिना झाला. मी सिल्वासातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख; रघुनाथभाऊ माझे बारा वर्षांचे सहकारी, शहाद्याकडचे.

आमचं काम म्हणजे वाट पाहणं. टायटॅनियमच्या मिश्रधातूची बोटभर कांडी भट्टीत तापवायची, तिला वजन टांगायचं आणि ती किती हळू ताणली जाते ते रोज नोंदवायचं. हा धातू आतून दोन प्रकारच्या थरांचा असतो. थरांमधल्या सीमा धातूचं आतलं सरकणं अडवतात, म्हणून कांडी हळू ताणली जाते. एकदा नव्या इंजिनिअरांना मी हे फळ्यावर शिकवत होतो, ते जांभया देत होते. भाऊ मागून म्हणाले, ‘वावरात बांध जास्ती असले का पानी दमानं जातं. पन लई दिवस तुंबलं ना साहेब, मंग बांधच झिरपतो.’ माझा तास तिथेच संपला.

उन्हाळ्यात त्यांचा धक्का लागून वजन हललं आणि तीन आठवड्यांची चाचणी वाया गेली. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनीच येऊन सांगितलं. आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, ‘आता नवी कांडी तुटेपर्यंत जागा सोडायची नाही.’ त्याच आठवड्यात त्यांना नात झाली. त्यांनी बॅग भरून टेबलाखाली आणून ठेवली. ‘हे तुटलं का लगेच गावाले जातो,’ म्हणाले. पण नव्या कांडीत थर बारीक, सीमा दाट, ती तुटेना. माझा राग दोन दिवसांत गेला होता, ते त्यांना सांगायचं राहून गेलं... नाही, राहून गेलं नाही. माघार घेतल्यासारखं दिसेल, म्हणून मी सांगितलं नाही. त्यांनीही रजा मागितली नाही. रोज चपला दाराबाहेर काढून, अंग चोरून ते भट्टीपाशी जायचे.

ते गेले त्या दिवशी मुलगा येऊन त्यांना गावी घेऊन गेला. गडबडीत बॅग राहिली; ती मी आणून देतो, असं मुलाला कळवलं. परवा उघडली, तर वरच घडी न मोडलेलं दुपटं. मला फार लाज वाटली.

वजन उतरवून चाचणी थांबवायचा अधिकार माझाच आहे. पण भाऊंनी इतकी जपलेली कांडी... हात धजत नाही. आज सकाळी चपला बाहेर काढून आत गेलो. काटा केसभर सरकला होता, तेवढा नोंदवला. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘साहेब, बॅग घेऊन कधी येता?’

‘हे तुटलं की लगेच येतो,’ मी म्हणालो.