सूर्य वळला ती दुपार

शेजारी कुणीतरी तीळ भाजतंय. संक्रांत अजून लांब आहे, पण हा वास कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरात शिरला की मी आईच्या खाटेपाशी जाऊन पोचते.

बाबा ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. सूर्य डिसेंबरातच उत्तरेकडे वळतो, हे ते आईला दरवर्षी समजावायचे. तीळ निवडता निवडता ती म्हणायची, "तुमचा वळत असेल. माझा संक्रांतीलाच वळतो."

त्या वर्षी तिचा आजार हाडांपर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेलं. तिला मात्र संक्रांत गाठायची होती. भीष्मांसारखं उत्तरायणातच जायचं, हा तिचा हट्ट. कूस बदलताना ती उशीचं टोक दातांत धरायची.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. दुपारचं ऊन खिडकीतून पार आत, तिच्या पावलांवर आलं होतं. बाबा तिचे पाय चेपत होते. म्हणाले, "बघ, ऊन याच्यापुढे येत नाही. आज वळला सूर्य."

मला त्यांचा राग आला. आता तरी भूगोल कशाला?

आईने वाद घातला नाही. "म्हणजे आता चालेल ना हो?"

बाबांचे हात थांबले. "चालेल," ते म्हणाले.

पहाटे ती गेली.

ते काय बोलून बसले होते, हे मला फार उशिरा कळलं. हल्ली संक्रांतीला कुणी म्हणालं की उत्तरायण लागलं, तर बाबा हातातल्या तिळगुळाकडे बघत म्हणतात, "हो, आजच."