चिमणीच्या पाइपातली खार

मावशी कधी सलग बसून जेवल्याचं मला आठवत नाही. एक घास घेतला की गॅसकडे, दुसरा घेतला की बाल्कनीतले कपडे उलटवायला. "एका जागी बसलं की नको ते विचार येतात गं," असं म्हणत पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्यात आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. मुलगा पुण्याला. सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी जाहिरात बघून भाड्याने घेतली होती. माझं ऑफिस सेक्टर फाइव्हला. "इंग्रजी चपलांबरोबर दाराबाहेर काढायचं," हा पहिल्याच दिवशीचा नियम.

एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, लवकर ये! आपली चिमणी चिवचिवतेय!"

गॅसवरच्या चिमणीच्या पाइपातून खरंच बारीक आवाज येत होता. बाहेर खिडकीच्या ग्रिलवर एक खार शेपटी उडवत ओरडत होती. मावशींनी भाजीखालचा गॅस बंद केला आणि चिमणीच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. सर्व्हिसिंगवाल्याला फोन केला. तो आला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मासीमा, मोटर चला देता हूँ, सब निकल जाएगा."

"आधी मला घाल त्या पंख्यात!" मावशी मराठीतच कडाडल्या. त्याला शब्द कळले नसतील, पण बटणाकडे गेलेला हात मागे आला.

त्याने पाइप अलगद उतरवला. आत काथ्या, कापूस, मावशींच्या गोधडीची चिंधी आणि डोळेही न उघडलेली तीन पिल्लं. मावशींनी रुमालाने धरून सगळं घरटंच एका खोक्यात ठेवलं आणि खोकं खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर.

"आता आपण आत जायचं," मी म्हणाले. "माणसं दिसली तर ती जवळ येणार नाही."

मावशींच्या नुसत्या फेऱ्या. खोलीतून दारापर्यंत, दारातून पुन्हा खोलीत. शेवटी खार आली. एक पिल्लू तोंडात धरून समोरच्या झाडावर गेली, परत येऊन दुसरं नेलं. तेवढ्यात छज्ज्यावर कावळा उतरला. मी अडवायच्या आत मावशी धावल्या, ताट बडवलं. कावळा उडाला, पण खारही कुठल्या कुठे पळाली.

"माझ्यामुळे गेली," त्या पुटपुटल्या. दुपार कलायला लागली. गॅस पुन्हा पेटलाच नव्हता, मी वाटीत मुरमुरे दिले, त्यांनी हातही लावला नाही. पडद्याच्या फटीतून त्या खोक्यावर पहारा देत होत्या.

मग एकदम त्यांनी माझा दंड धरून मला गदागदा हलवलं. "नेलं गं! नेलं तिने!"

दुसऱ्या दिवशी पाइपाच्या तोंडाला जाळी बसली.

पुढच्या वर्षी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी न्यू टाउनला राहायला गेले. त्यांचे फोन यायचे, बोलणं अर्धवट टाकून ठेवूनही द्यायच्या. मग एके दिवशी ऑफिसात त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळीच गेल्या, म्हणाला.

मी जागेवरून उठले, पॅन्ट्रीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हिंदीत विचारलं, काय झालं?

"मौसी गुज़र गईं," मी म्हणाले.

"सगी मौसी?"

मी हो म्हणाले.