उद्याचं पाणी आजच

पाण्यावर आमच्या शेजारच्या काकांइतका अविश्वास दाखवणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. रेल्वेच्या नोकरीसाठी सातारा सोडून ते अंबत्तूरला आले, ते नेमके टँकरच्या रांगेतच उभे राहिले. तेव्हापासून तत्त्व एकच: पाणी आलं की भरून ठेवायचं, उद्याचं कोणी पाहिलंय! घागरी, बादल्या, कुकर, एकदा तर काकूंचा नवाकोरा थर्मास. त्यांच्याकडे चहाला जायचं तर आधी पातेली ओलांडावी लागत.

निवृत्तीनंतर या गृहस्थांनी तिरुवळ्ळूरच्या पलीकडे उतारावरचा जमिनीचा तुकडा घेतला, तो काकूंसाठी. काकू तंजावरच्या मराठी घरातल्या, शेतात वाढलेल्या. म्हातारपण मातीत घालवायचं, हे त्यांनी लग्नातच सांगून ठेवलं होतं म्हणे. बोअरला पाणी लागलं आणि काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. वीज आली की मोटर चालू! वांग्यांचे वाफे सदा तुडुंब. मी विचारलं, "काका, वांगी लावलीत की मासे सोडलेत?" तर म्हणाले, "तू गप गं. उद्या वीज गेली म्हणजे?" अहो, शेत म्हणजे काय पिंप आहे?

व्हायचं तेच झालं. मुळं कुजली, वाफ्यांवर पांढरा क्षार फुटला, आणि वरची कसदार माती खतासकट वाहत जाऊन खालच्या गावतळ्यात बसली. तळ्याचं पाणी हिरवं पडलं. काका जमीन विकायला निघाले. म्हणे, "ही मातीच नाठाळ!"

काकू सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी चिडल्या. मातीचा ओला गोळा उचलून त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवला. "पोदुम! पुरे झालं! हिला श्वास घेऊ द्या की हो. विकायची असेल तर मला इथेच सोडून जा." काकांनी तो गोळा परत वाफ्यात ठेवला. मग त्यांनी मोटर बंद केली. पुढे कितीतरी दिवस हात मागे बांधून ते बांधावर नुसते फिरत होते. बिचाऱ्यांना किती जड गेलं असेल! साचलेलं पाणी निघायला चर खणले, उताराला आडवे बांध घातले, पालापाचोळा पसरला. आता काकू मातीत बोट खुपसून सांगतील तेव्हाच पाणी.

तिकडचा दिवाळीच्या सुमाराचा पावसाळा दोन वर्षं येऊन गेला, क्षार धुऊन निघाला, तेव्हा कुठे गांडुळं परतली. काकांनी फोनवर ती बातमी अशी दिली, जणू नातू झाला!

आता दोघं तिकडेच राहायला गेलीत. काकूंच्या मनासारखं झालं याचा मला आनंद आहे, फार आहे. पण शेजारचं बंद दार दिसलं की वाटतं, तेव्हा जमीन विकली गेली असती तर ही माणसं अजून इथेच असती. दुष्ट विचार आहे, कळतं मला. पण काय करू, त्यांची सवय झाली होती हो.