बी-श्याने रंगवलेली पितरांची पाटी

तैनान शहरात टीव्हीसाठी भुताखेतांच्या मालिका निघतात, त्यांतली निम्मी भुतं ल्यो बी-श्या या नेपथ्य करणाऱ्या बाईच्या हातची. मारायचं काम लेखकाचं. मेल्यावर जे जे लागतं ते सगळं हिचं. देव्हारा, धूपपात्र, मयताचा फोटो आणि सोनेरी अक्षरांत नाव लिहिलेली पितरांची लाकडी पाटी. सव्वीस वर्षं ती हेच करत आली. भुतांवर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "विश्वासाचं मला काय कळतंय? पण उगाच कुणाची खोड कशाला काढा?"

म्हणून तिचे नियम कडक होते. मयताचा फोटो जिवंत नटाचाच असतो, म्हणून मागे लाल कागद चिकटवल्याशिवाय तो भिंतीवर चढायचा नाही. मेलेल्याचं काम करणाऱ्याला शकुनाचे पैसे घातलेलं लाल पाकीट दिल्याशिवाय ती घरी सोडायची नाही. आणि पाटीवर जिवंत माणसाचं नाव कधीच नाही. तसं झालं तर वरून त्या माणसाला बोलावणं येतं, असं तिला अगदी मनापासून वाटे. पाटी रंगवण्याआधी कलाकारांची यादी ती भिंग लावून वाचायची.

नव्या मालिकेत एका गरीब म्हातारीचं भूत होतं. बी-श्याने पाटीसाठी तिला जुन्या वळणाचं नाव दिलं, चुआंग बोंग-ची. 'आता आलीच आहे तर वाढवा' अशा अर्थाचं हे नाव पूर्वी नकोशा झालेल्या मुलीला ठेवत. भुताचं काम पाय यू-लान मावशीकडे होतं. वय अठ्ठ्याहत्तर, पण तोरा अजून नायिकेचाच.

चित्रीकरण सुरू झालं. मावशीने देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि ती मटकन खाली बसली, ती उठेचना. इस्पितळात कागद भरताना कुणीतरी तिचं ओळखपत्र वाचलं. त्यावर नाव होतं चुआंग बोंग-ची. पाय यू-लान हे नुसतं पडद्यावरचं नाव, आणि यादीत तेवढंच होतं.

बी-श्याच्या पायांखालची जमीन सरकली. आपण एका चांगल्या बाईला हाताने वर धाडलं, असंच तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अपशकुन उतरवणाऱ्या शेवया, डुकराचा पाय घालून शिजवलेल्या, डब्यात घेऊन इस्पितळात गेली. मावशी उशीला टेकून पेजेला नावं ठेवत बसली होती.

"मावशी, माझ्या हातून पाप झालं," म्हणत बी-श्याने सगळं सांगितलं. "आजच ती पाटी देवळात नेऊन जाळते."

"जाळून तर बघ, हात मोडीन तुझे," मावशी म्हणाली. "मला काय धाड भरलीय? भूत सडपातळ दिसावं म्हणून सकाळपासून उपाशी होते. साखर उतरली, असं डॉक्टर म्हणाले."

"पण पाटीकडे बघूनच पडलात ना?"

"बघितलं की. माझं नाव, तेही सोन्यात. आणि पुढ्यात पंधरा माणसं धूप घेऊन वाकलेली." मावशीचा आवाज खाली आला. "बिनलग्नाच्या मुलीला बापाच्या देव्हाऱ्यात जागा नसते गं. भावांनी तोंडावर सांगितलंय. मेल्यावर कुणाच्या दारात जायचं, या विचाराने रात्र रात्र डोळा लागत नाही माझा. तुझी पाटी बघून इतकं बरं वाटलं की उभंच राहवेना."

बी-श्याला रडू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरल्याचं सुख त्यात होतं, आणि मावशीचं दुःखही.

"माझ्या घरच्या देव्हाऱ्यात सासर आणि माहेर, अशी दोन आडनावं आहेत," डोळे पुसत ती म्हणाली. "मधे फळी घातलीय, धूपपात्रं वेगळी. तिसरं आडनाव सहज मावेल. तुम्ही आहात तोवर नावावर लाल कागद चिकटवून ठेवते."

"तुझ्यामागे धूप तुझा लेक लावणार. त्याला चालेल?"

"नाही म्हणाला तर त्याचीच पाटी रंगवते."

जिवंत माणसाच्या नावाची अशी थट्टा तिने जन्मात पहिल्यांदा केली. मावशी खो खो हसली.

"मी इतक्यात येत नाही हं," ती म्हणाली.

"सावकाश या. घाई कुणाला आहे?"

मावशीने शेवयांचा डबा चाटूनपुसून संपवला. त्या दुपारी ती इतकी गाढ झोपली, की नर्सने दोनदा येऊन तिची नाडी पाहिली.