डोक्यासकट

मानोंग टेलेस्फोरो बालिगाड यांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्या गळाला लागलेलो होतो. अगदी शब्दशः. भाचीच्या बाप्तिस्म्याचा दिवस, अंगात कोरा कोट, दोन्ही हातांत पान्सितच्या शेवयांनी भरलेलं परातीएवढं ताट, आणि मी वेस्ट सिएटलच्या धक्क्यामागून बागेकडे निघालेलो. मागून काहीतरी सूं करत आलं आणि माझी कॉलर समुद्राकडे चालू लागली. मी पुढे, कॉलर मागे. तेवढ्यात धक्क्यावरून आरोळी उठली, "लागलाऽ!"

ही आरोळी ऐकली की प्रत्येकाने आपापली दोरी गुंडाळून वाट करून द्यायची, हा आमच्या धक्क्याचा रिवाज. भूकंप झाला तरी तो मोडत नाहीत. झालं! कठड्यावरच्या झाडून सगळ्यांनी भराभर दोऱ्या गुंडाळल्या. एक जण जाळं घेऊन धावला. दुसरा ओरडला, "ढील द्या, ढील द्या, आधी दमू दे त्याला!" आमिषाच्या दुकानाचा मालक आर्न ताणकाटा घेऊन बाहेर आला आणि मला पाहून निर्विकारपणे परत आत गेला. मी अर्धा मैल तरी ओढला गेलो असेन. बायको म्हणते, बाकापासून खांबापर्यंत. पण ती तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हती, ताटाकडे बघत होती.

काठीच्या दुसऱ्या टोकाला सत्तरी ओलांडलेला एक किडकिडीत म्हातारा उभा होता. मला वाटलं, आता माफी मागेल.

"हलू नकोस रे, अडिंग!" तो म्हणाला. "आमिष नवीन आहे."

अडिंग म्हणजे आम्हा फिलिपिन्सच्या इलोकानो लोकांत धाकटा भाऊ, मानोंग म्हणजे थोरला, मानांग म्हणजे थोरली बहीण. माझ्या कॉलरला गळ आणि आमच्यात नातं, दोन्ही एकदमच लागलं. सगळा धक्काच त्यांना मानोंग म्हणायचा. आर्न नॉर्वेकडचा, त्याला ते त्यांचं नावच वाटायचं.

आता आमिषाविषयी. आमच्या खाडीत कुबडे सॅमन येतात ते फक्त विषम सालच्या उन्हाळ्यात. का, ते देवाला ठाऊक नि कुबड्यांना. या माशाला गुलाबी रंगाचं वेड. शंकरपाळ्याच्या आकाराचा शिशाचा गुलाबी तुकडा दूर फेकायचा, बुडू द्यायचा आणि झटके देत ओढायचा. तो जखमी मासळीसारखा लडखडत येतो आणि सॅमन चिडून त्याला तोंड घालतो. दुकानातला गुलाबी रंग मानोंगना पसंत नव्हता. ते आपली आमिषं बायकोच्या नखपॉलिशने रंगवायचे. त्यामुळे त्या, म्हणजे मानांग एपिफानिया, विषम साली चर्चला हातमोजे घालून जायच्या.

"नखं कोरी राहिली तरी चालेल हो," त्या मला म्हणायच्या, "पण माझं पॉलिश लावून यांनी आजवर काय धरलं? एक टायर, एक सीगल आणि तुम्ही!"

हे खरं होतं, आणि हीच गंमत होती. तरुणपणी मानोंग दर उन्हाळ्यात जहाजाने अलास्काला जायचे, डबाबंद माशांच्या कारखान्यात. तिथल्या कापायच्या टेबलावर त्यांच्या हाताखालून सॅमन गेले ते लाखांनी मोजावे लागतील. पण सगळे मेलेले. जिवंत सॅमन या माणसाला ओळख देत नव्हता. डावीकडच्याला लागायचा, उजवीकडच्याला लागायचा, मानोंगच्या आमिषाला वळसा घालून जायचा.

"त्यांच्यात निरोप गेलाय," मी म्हणायचो. "सुरीवाला आलाय म्हणून."

"हस लेका! भिंतीवर माझा फोटो लागला की तूच नातेवाइकांना घेऊन येशील दाखवायला."

भिंत म्हणजे आर्नच्या दुकानातली. दर विषम साली मोसमातल्या सगळ्यात वजनदार कुबड्याचा फोटो, धरणाऱ्यासकट, तिथे लागायचा, खाली नाव. बक्षीस काही नाही. नियम एकच, दारावर रंगवलेला: मासा अख्खा, डोक्यासकट. एका साली कुणीतरी पोटात शिसं भरून, तोंड कापून मासा आणला होता, तेव्हापासूनचा.

मी एकदा विचारलं, "मानोंग, भिंतीचा एवढा सोस कशाला?"

ते दोरी ओढत होते, ओढतच राहिले. "आम्ही कापलेला मासा देशोदेशीच्या बशीत गेला, अडिंग. डब्यावर चित्र कुणाचं? दाढीवाल्या कप्तानाचं. असा कप्तान मी एवढ्या उन्हाळ्यांत एकदाही पाहिला नाही. कारखान्यात तर नाहीच, बोटीवरही नाही. एका माशाखाली तरी माझं नाव हवं."

मी त्यांच्या आमिषाला अडकलेलं गवत सोडवून दिलं.

सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट. त्या मोसमात आघाडीवर होते दातांचे डॉक्टर प्रेस्कॉट. उंचेपुरे, आणि इतके सभ्य की मासा सोडतानासुद्धा त्याला 'सॉरी' म्हणायचे. त्यांचा सहा पौंडांचा कुबडा आर्नच्या बर्फाच्या पेटीत पडला होता. मोसमाचा शेवटचा रविवार होता. संध्याकाळी फोटो निघणार होता. समोर शहराचे मनोरे उन्हात चकाकत होते, फेरीबोट भोंगा वाजवत निघाली होती. मानोंगनी बाटलीच्या तळाशी उरलेलं सगळं पॉलिश आमिषावर ओतलं होतं.

"लागलाऽ!"

कुणी हललं नाही. आदल्या आठवड्यात असंच ओरडून त्यांनी समुद्री गवताचा हातभर जुडगा वर काढला होता.

"मानोंग, या वेळी कोण?" पलीकडून एक जण ओरडला. "डोमेंग तर इथेच उभा आहे!"

डोमेंग म्हणजे मी. सगळे हसले, पण रिवाज तो रिवाज. कुरकुरत दोऱ्या गुंडाळायला लागले. इतक्यात पाण्यातून एक चांदीचं धूड उसळलं, हवेत वाकडं झालं आणि मांडवाचा खांब पडावा तसं आदळलं. हसू जिथल्या तिथे थांबलं. मग एकदम कल्ला. "काठी वर धरा!" "खांबाकडे जाऊ देऊ नका!" "अहो, श्वास घ्या!" हा शेवटचा सल्ला डॉक्टरांचा.

मासा फेरीबोटीच्या दिशेने गेला, परत आला, खांबाभोवती जातो जातो म्हणता वळला. म्हाताऱ्याने दोरी एकदाही सैल पडू दिली नाही. शेवटी डॉक्टरांनीच आपलं जाळं दोराने खाली सोडलं आणि आपल्याच फोटोचा मारेकरी वर ओढून घेतला. नऊ पौंडांपेक्षा कमी नसावा. पाठीवर उंटासारखं कुबड, जबडा आकड्यासारखा. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यात दांडक्याचा एक घाव घातला, 'सॉरी' म्हणाले आणि मानोंगच्या पाठीवर थाप मारली.

"जिंकलात! ठेवा टेबलावर. आर्न काटा घेऊन येतोय."

इथे घात झाला.

धक्क्याच्या टोकाला मासे साफ करायचं लाकडी टेबल होतं. ओलं, वर नळ, कडेला बादली. मानोंगनी मासा त्यावर ठेवला. पायाखाली फळ्या, समोर ओलं लाकूड, हाताखाली सॅमन. डोकं अजून आनंदात कुठेतरी तरंगत होतं. हातांना मात्र कळलं की कामाचा भोंगा वाजला. खिशातली सुरी कधी निघाली ते कुणी पाहिलं नाही. एक सरळ रेघ, मुंडकं बादलीत. दुसरी रेघ, पोट उघडं. अंगठा फिरला, आतडी गेली. सुरीचं टोक कण्याशी फिरलं, रक्त गेलं. पाण्याची एक धार, आणि मासा झपकन डावीकडे ढकलला, जिथे कारखान्यात पट्टा असायचा. इथे पट्टा नव्हता, डॉक्टर होते. त्यांनी तो पोटाशी धरला, बाळासारखा.

आणि मानोंगचा उजवा हात पुढच्या माशासाठी पसरला. तसाच पसरलेला राहिला.

आर्न ताणकाटा घेऊन उभा होता.

"डोकं कुठाय?"

मी बादलीकडे बोट दाखवलं. मानोंगनी बादलीत पाहिलं, हातातल्या सुरीकडे पाहिलं. "अपो!" एवढंच पुटपुटले. म्हणजे 'देवा'.

आर्नने तरीही धड काट्याला लावलं. डोकं नाही, आतडी नाहीत, तरी डॉक्टरांच्या अख्ख्या माशाला काटा मागे टाकून गेला. सगळे ओरडले, "लाव फोटो!"

"नियम," आर्न म्हणाला.

डॉक्टर पुढे झाले. "हे बघ, सगळ्यांनी पाहिलंय. नाहीतर मी टाके घालून देतो. दुकानातली दोरी दे, आत्ता बसवतो डोकं. पेशंट तक्रार करणार नाही."

आर्न विचारात पडला. खरंच पडला! नियमात टाक्यांबद्दल काही नव्हतं. सगळ्यांनी मानोंगकडे पाहिलं. भिंत एका सुईदोऱ्यावर होती.

मानोंग ताठ झाले. त्यांनी धड डॉक्टरांच्या हातातून घेतलं आणि कापलेली बाजू आर्नच्या नाकासमोर धरली.

"नीट बघ. एक दातरा नाही, मांसाचा एक चुरा वाया नाही. हा काप मी लावला. शिवलेला मासा माझ्या टेबलावरून कधी गेला नाही, आणि आज जाणार नाही."

आर्न नॉर्वेकडचा. त्याच्या कुळात कौतुक करायची पद्धत नाही. त्याने काप पाहिला, बोट फिरवलं, टोपी काढली, डोकं खाजवल्यासारखं केलं आणि परत घातली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

मग कुणीतरी, कोण ते आठवत नाही, आपला मासा मानोंगच्या उजव्या हातात दिला. लगेच दुसऱ्याने. बघता बघता रांग लागली. सुरी चालत होती, डोकी बादलीत, धडं डावीकडे, आणि डॉक्टर बाह्या सरसावून झेलत होते. बोटीला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. मी प्रत्येकाला अडवून सांगत होतो, "आमचे मानोंग!" एकाने विचारलं, "तुमचे वडील का?" मी हो म्हणालो. एकदा चुकून डॉक्टरांचा आघाडीवरचा मासाही रांगेत आला. आर्न आयुष्यात पहिल्यांदा धावला.

बादलीभर डोकी आम्ही घरी आणली. मानांगनी चिंच घालून सिनिगांगचं, म्हणजे आमच्याकडच्या आंबट रश्शाचं, पातेलं चढवलं आणि चढवता चढवता तोंडही चालू ठेवलं.

"एवढी वर्षं माझी नखं नागवी ठेवलीत, अहो, आणि मासा मिळाल्यावर त्याची मान कापलीत?"

"हाताने कापली," मानोंग म्हणाले. "मी नाही." आणि सगळ्यात मोठ्या डोक्याचा गाल काढून त्यांनी आधी मानांगच्या भातावर ठेवला.

फोटो डॉक्टर प्रेस्कॉट यांचा लागला, खाली नाव त्यांचंच. पण डॉक्टर हट्टाने टेबलाशेजारी उभे राहिले होते. डाव्या कडेला एक कोपर दिसतं, जरा हललेलं. ते मानोंगचं. मी पाहुण्यांना घेऊन जायचो ते कोपर दाखवायला.

पुढल्या विषम सालाआधीच मानोंग आणि मानांग मुलीकडे लास वेगासला राहायला गेले. तिथे समुद्र नाही. ते अधूनमधून फोन करतात आणि विचारतात, "कोपर आहे ना रे, अडिंग?" मी म्हणतो, आहे. आर्नचं दुकान कधीचंच बंद झालं. तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.