शेजारच्या दादांचा भोपळा

शेजारच्या दादांचा भोपळा फुटला. कृषी प्रदर्शनात पहिला यावा म्हणून त्यांनी वेलावरची बाकी सगळी फळं खुडून टाकली होती. खत-पाणी या एकट्यालाच. वहिनी सांगून थकल्या, "अहो, आणखी दोन राहू द्या. रस वाटला जाईल, एकट्याला सोसायचा नाही." दादा मात्र रोज टेप लावून त्याचा घेर मोजायचे. आम्हाला त्याच्याकडे बोट दाखवायचीही बंदी, कारण बोट दाखवलं की कोवळं फळ सडतं म्हणे.

आज दादांनी वरचं ओलं गोणपाट उचललं, तर देठापासून बुडापर्यंत उभी चीर. आत बुळबुळीत गर आणि माश्याच माश्या. त्या आंबूस वासाची किळस आलीच. पण जास्त किळस आली ती दादांच्या ओरडण्याची. "कुणीतरी बोट दाखवलंय!"

नाक दाबून मी घरी आले. लेक पुस्तकात मान घालून बसली होती. दहावीचं वर्ष म्हणून तिचा नाच मी बंद केला, मग चित्रं, मग खाली खेळायला जाणंही. सवयीने मी विचारलं, "कालच्या टेस्टमध्ये किती पडले?"

तो वास घरातही येत होता.